मागे उभा असलेला मुलगा

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ९ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेतील भारत-कोलंबिया सामन्याची ब्याऐंशी मिनिटे झाली होती. भारत एका गोलने मागे होता. संजीव स्टॅलिनने कॉर्नरवरून टाकलेल्या चेंडूला जेक्सन सिंगने डोके लावले आणि चेंडू जाळ्यात गेला. फुटबॉलच्या कोणत्याही वयोगटाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला हा पहिला गोल. प्रेक्षागारात उसळलेला जल्लोष ओसरण्यापूर्वीच कोलंबियाने मध्यबिंदूवरून चेंडू पुन्हा खेळात आणला, आणि मिनिटभरात पेन्यालोसाने आपला दुसरा गोल करून सामना भारताच्या हातून काढून घेतला. इतिहास घडला आणि पराभवही झाला; दोहोंत अंतर राहिले ते एका मिनिटाचे.

जेक्सनच्या गोलची आठवण त्यानंतर पुष्कळदा निघाली, आणि ती निघावयासच हवी. त्या पुढच्या मिनिटाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. मुले आनंदाच्या भरात क्षणभर गाफील राहिली, असे म्हणून तो विषय मिटविला जातो. वस्तुतः गोल केल्यानंतरच्या दोन मिनिटांत कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणी कोणाला हाक मारावयाची, चेंडू किती वेळ आपल्या गोलपासून दूर ठेवावयाचा, ही काही दैवावर सोडावयाची गोष्ट नव्हे. ती शिकविण्याची गोष्ट आहे. तीच स्पर्धा तीन दिवस आधी सुरू झाली तेव्हा अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात अन्वर अलीचा फटका आडव्या दांड्यावर आदळला होता, आणि त्याच चेंडूवर प्रतिहल्ला होऊन अमेरिकेचा तिसरा गोल झाला होता. म्हणजे भारताची मुले यशाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचली त्या दोन्ही क्षणांनंतर मागचे दार उघडे सापडले. घानाने पुढे चार गोल केले. तीन सामन्यांत नऊ गोल झाले. आणि गोलरक्षक धीरज सिंगने शर्थ केली नसती तर हा आकडा आणखी वाढला असता. पाच वर्षांनी, २०२२ साली, मुलींची हीच स्पर्धा भारतात झाली तेव्हा अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांनी मिळून भारतावर सोळा गोल चढविले.

या मुलामुलींच्या धाडसाबद्दल वा मेहनतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांना आठव्या-दहाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, बचाव या गोष्टीविषयी काय सांगितले गेले हा.

शाळेत फुटबॉलचा संघ कसा निवडला जातो हे ज्याने एकदा तरी पाहिले असेल त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावयास लांब जावे लागणार नाही. जो मुलगा चपळ, ज्याच्या पायाला चेंडू चिकटून राहतो, तो आपोआप पुढे जातो. त्याचे मित्र मधल्या फळीत. मग जे उरतात, कोणी अंगाने जड, कोणी लाजरा, कोणी नुकताच दुसऱ्या शाळेतून आलेला, त्यांच्याकडे बोट करून म्हटले जाते : ‘तू मागे उभा राहा.’ बचावाचे सारे शिक्षण या चार शब्दांत आटोपते. त्यातले क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. पुढच्या मुलाला ‘पळ’, ‘मार’, ‘घुस’ असे सांगितले जाते. मागच्याला सांगितले जाते ते उभे राहावयास. तो बिचारा उभा राहतो. चेंडू आला की डोळे मिटून लाथ मारतो. चेंडू मैदानाबाहेर गेला तर काठावरून ‘शाबास’ असा आवाज येतो आणि पायाखालून निसटला तर सारा वर्ग आठवडाभर त्याला सोडत नाही. आघाडीच्या मुलाने पाच संधी दवडल्या आणि सहावीवर गोल केला तर तो त्या दिवसाचा वीर. मागच्या मुलाने पाच हल्ले परतविले आणि सहाव्यावर चुकला तर सामना त्याच्यामुळे गेला. हा हिशेब मुलांना फार लवकर कळतो, आणि म्हणूनच दहा वर्षांच्या मुलांना विचारले तर त्यांतला कोणीही आपण होऊन बॅक होऊ इच्छीत नाही.

या हिशेबाचे टोक कोठवर जाते याचे एक भयंकर उदाहरण जगाने पाहिले आहे. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार हा १९९४ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध एक क्रॉस अडवावयास गेला आणि चेंडू त्याच्याच पायाला लागून स्वतःच्या गोलमध्ये गेला. दहा दिवसांनी, २ जुलै रोजी, मेडेलिन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. आपल्या शाळांच्या मैदानावरचे बोल लावणे या प्रकाराच्या जवळपासही जात नाही, हे खरे. तथापि गोल हा शेवटच्या माणसाच्या चुकीने होतो, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि ती साफ चुकीची आहे. चेंडू प्रथम गमावला कोणी, गमावल्यावर तो परत घ्यावयास कोण धावला नाही, मधल्या फळीतला कोण चालत परतला, कोणी हाक दिली नाही, असे गोलपासून मागे मागे जात राहिले तर शेवटच्या बॅकपर्यंत येईतो चार-पाच जणांच्या चुका घडून गेलेल्या असतात. सामना संपल्यावर शिक्षकाने मुलांना घेऊन हा उलटा प्रवास एकदा करावा. ज्या मुलाची मान खाली गेली आहे ती त्याने वर होते, आणि आघाडीचे दोन-तीन वीर थोडे विचारात पडतात.

कबड्डीच्या मैदानावरून

आश्चर्य असे की, ज्या महाराष्ट्रात फुटबॉलचा बॅक हा उरलेला मुलगा समजला जातो त्याच महाराष्ट्रातील दोन देशी खेळ बचावावरच उभे आहेत. खो-खोत पळणाऱ्याची मिनिटे मोजली जातात. जो अधिक काळ सापडत नाही त्याचे नाव होते. कबड्डीत चढाई करणाऱ्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक कौतुक कोपरा सांभाळणाऱ्याचे होते. एखादी देखणी पकड झाली की सारे मैदान उभे राहते. तेव्हा बचावात रस नाही, तो आपल्या मुलांच्या स्वभावातच नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. आपल्या मुलांना बचाव आवडतो. फुटबॉलमध्ये तो कोणी शिकविलेला नसतो, एवढेच.

कबड्डीत काय घडते ते पाहावे. चढाई करणारा आत येतो तेव्हा कोपऱ्यातला खेळाडू एकदम त्याच्यावर झेप घेत नाही. तो मागे सरकतो, त्याला आत येऊ देतो, त्याचा भार कोणत्या पायावर आहे हे निरखतो. साखळी धरलेले दोघे एकमेकांचा हात सोडीत नाहीत. एकाने पाय धरला की मधला अंगावर जातो आणि पलीकडचा कोपरा परतीची वाट अडवितो. एकट्याने घाई केली तर गुण गेला, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते. युरोपातील प्रशिक्षक बालफुटबॉलपटूंना बचावाची जी मूलतत्त्वे शिकवितात ती यापेक्षा फारशी वेगळी नाहीत. चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पहिल्याने थोपवावयाचे, दुसऱ्याने पहिल्याची पाठराखण करावयाची, तिसऱ्याने मोकळ्या बाजूचा तोल सांभाळावयाचा. थोपविणे, पाठराखण आणि तोल : हे तीन शब्द ज्याला उमगले त्याला बचाव निम्मा कळला असे समजावयास हरकत नाही.

अर्थात दोन्ही खेळांत एक मोठे अंतर आहे. कबड्डीचे अंगण लहान, आणि चढाई करणाऱ्याला परत जावेच लागते. फुटबॉलचे मैदान शंभर मीटर लांब. चेंडू माणसापेक्षा नेहमी अधिक वेगाने जातो. आणि ज्याला परत जावयाचे नाही अशा माणसाला अडवावयाचे असते. म्हणून फुटबॉलचा बॅक माणसाइतकीच जागा राखतो. आपला प्रतिस्पर्धी, चेंडू आणि आपला गोल या तिहींचे भान त्याला एकाच वेळी ठेवावे लागते, आणि उभे राहावयाचे ते प्रतिस्पर्धी व गोल यांच्यामध्ये. हे एक वाक्य कागदावर अगदी साधे दिसते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र चेंडू दिसला की बाकी सारे दिसेनासे होते. गुळाच्या ढेपेभोवती मुंगळे जमावेत तशी सगळी मुले चेंडूभोवती जमतात, आणि त्या घोळक्यातून चेंडू बाहेर निसटला की मैदानाचा उरलेला भाग ओसाड असतो.

पवित्रा

थोपविणे म्हणजे नेमके काय, हे अंगाने शिकावे लागते. ज्या मुलाला ते कोणी शिकविले नाही तो चेंडूवाल्याकडे भरधाव धावत जातो, सरळ समोर उभा ठाकतो आणि पाय घालतो. समोरचा थोडा जरी हुशार असला तर चेंडू त्याच्या दोन पायांमधून वा बाजूने काढतो आणि धावणाऱ्याला वळून परत फिरेपर्यंत दहा पावले पुढे गेलेला असतो. शिकविलेला मुलगाही धावतच जातो, पण शेवटची तीन-चार पावले आखूड टाकतो. गुडघे वाकलेले, शरीराचा भार चवड्यांवर, एक पाय पुढे, अंग तिरपे, अंतर हातभर. नजर चेंडूवर; समोरच्याच्या खांद्यांच्या हेलकाव्यांवर किंवा पायांच्या नाचावर नव्हे, कारण माणूस अंगाने थाप मारू शकतो, चेंडू मारू शकत नाही. तिरपे उभे राहण्याचे कारण असे की त्यामुळे समोरच्याला एकच वाट उरते, आणि ती कोणती ठेवावयाची हे बचाव करणारा ठरवितो. ती बहुधा बाहेरची, बाजूच्या रेषेकडे नेणारी असावी. बाजूची रेषा कधी दमत नाही आणि तिला कोणी चकवू शकत नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. तेथील फुटबॉलचे कित्येक संघ तालमींच्या नावांनी खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावे शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे गाजत आली आहेत. तालमीत नव्या पोराला आधी पवित्रा शिकवितात, डाव मागाहून. कमरेत वाकलेला, पाय रोवलेला, तरी कोणत्याही क्षणी सरकू शकणारा तो पवित्रा आणि चांगल्या बॅकची उभे राहण्याची ढब यांत रक्ताचे नाते आहे. २०१७ च्या त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि तो होता आघाडीचा खेळाडू. गुणी मुलाला आघाडी मिळावी यात वावगे काही नाही. परंतु ज्या गावाने पवित्र्याचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या गावाने देशाला एखादा नामांकित स्टॉपरही द्यावा, अशी अपेक्षा कोणी बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.

पाय कधी घालावयाचा? समोरच्याने चेंडू जरा लांब सोडला, त्याची मान खाली गेली, किंवा तो पाठमोरा झाला, की तो क्षण. तोवर धीर. जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढण्याची करामत दूरचित्रवाणीवर फार आकर्षक दिसते आणि मुले तीच आधी उचलतात. परंतु घसरून पडलेला बॅक हा त्या घटकेपुरता मैदानावर नसल्यासारखाच असतो. शिवाय मुंबईच्या शाळांतील मुले पावसाळ्यातल्या चिखलात खेळतात तेव्हा या घसरण्याला अंतच राहत नाही. उभे राहून थोपविलेल्या चार क्षणांत आपले दोन खेळाडू मदतीला येऊन पोहोचतात, आणि थोपविण्याचा सारा हेतू तोच असतो.

पाठराखण करणाऱ्याचे काम याहून सूक्ष्म. तो पहिल्याच्या फार जवळ उभा राहिला तर एकाच हुलकावणीत दोघेही चकतात; फार दूर राहिला तर त्याचा उपयोग नाही. चार-पाच पावले मागे आणि तिरक्या रेषेत, हे सर्वसाधारण माप. पण या दुसऱ्या खेळाडूचे खरे हत्यार पाय नसून जीभ आहे. ‘मी आहे मागे’, ‘बाहेर काढ त्याला’, ‘थांब’, ‘आता घे’, हे त्याने बोलावयाचे असते, कारण पहिल्याची नजर चेंडूला खिळलेली असते आणि मागचे त्याला दिसत नाही. बचावफळी म्हणजे एक संभाषण आहे, आणि त्या संभाषणाचा सूत्रधार गोलरक्षक, कारण सारे मैदान एकट्या त्यालाच समोर दिसते.

येथे आपल्या शाळांची एक जुनी सवय आडवी येते. वर्गात जो गप्प बसतो तो गुणी, असे मुलाला पहिलीपासून शिकविले जाते. वर्गात बोलणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते. मग तोच मुलगा मैदानावर येतो आणि आपल्याहून मोठ्या, वरच्या इयत्तेतल्या खेळाडूला ‘डावीकडे सरक’ असे ओरडून सांगण्याची त्याच्याकडून अपेक्षा केली जाते. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. प्रशिक्षक म्हणतात, मुलगा चांगला आहे पण बोलत नाही. बोलणार कसा? ज्या शिक्षकांनी सरावात ‘न बोलता झालेला बचाव मोजला जाणार नाही’ असा नियम घातला आहे, त्यांना महिन्याभरात फरक दिसतो. आणि तो मुलगा वर्गातही हात वर करू लागला, असे आढळले तर त्याचेही नवल वाटावयास नको.

मोठ्यांचे मैदान, लहानांचे पाय

बचाव शिकविण्याच्या आड येणारी दुसरी गोष्ट मैदानाचे माप ही होय. नियमाप्रमाणे गोल चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असतो. हे माप प्रौढ माणसासाठी ठरलेले. साडेचार फुटांचा मुलगा त्याखाली उभा केला की त्याच्या डोक्यावरून आलेला प्रत्येक चेंडू गोल ठरतो. मग प्रशिक्षक काय करतो? सहा-सात मुलांना गोलच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे करतो आणि चेंडू मिळेल तसा पुढे भिरकावून द्यावयास सांगतो. असे सामने जिंकता येतात, चषकही मिळतात, शाळेच्या कपाटात त्यांची रांग लागते. मात्र त्यात थोपविणे, पाठराखण, तोल यांपैकी काहीही शिकले जात नाही. सोळाव्या वर्षी जेव्हा समोरचा संघ त्या भिरकावलेल्या चेंडूवर शांतपणे ताबा मिळवून पुन्हा चालून येतो, तेव्हा या मुलांपाशी दुसरा उपाय नसतो.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ साली लहान मुलांसाठी पाच-पाच, सात-सात आणि नऊ-नऊ जणांचे, लहान मैदानांवरचे व लहान गोलांचे खेळ ठरवून दिले आणि अकरांचा संघ तेराव्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकला. भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ ही योजना याच धर्तीवर सुरू केली. लहान मैदानावर प्रत्येकाला वारंवार चेंडू मिळतो, प्रत्येकाला वारंवार तो गमवावाही लागतो, आणि म्हणून प्रत्येकाला आळीपाळीने बचाव करावा लागतो. ‘मागे उभा राहणारा’ असा वेगळा वर्गच तेथे उरत नाही. ज्या शाळेला मोठे मैदान नाही तिने याबाबतीत स्वतःला दुर्दैवी मानण्याचे कारण नाही. दोन वर्गांमधले अंगणसुद्धा या शिक्षणाला पुरते.

डोक्याने चेंडू मारण्याची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याबाबत पालकांनी व शिक्षकांनी सावध असले पाहिजे. उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतविणे हे बॅकचे नेहमीचे काम समजले जाते. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्कॉटलंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मरण पावण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. २०२१ साली त्याच संशोधकांनी खेळाडूंच्या जागांप्रमाणे वर्गवारी केली, तेव्हा हा धोका सर्वांत अधिक बचावपटूंना आणि सर्वांत कमी, जवळजवळ सामान्य माणसाइतकाच, गोलरक्षकांना असल्याचे दिसले. ही पाहणी आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्यांची होती. शाळेत आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या मुलाला तिचे आकडे लावून घाबरविणे बरोबर होणार नाही. तथापि अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारण्यास मनाई केली आणि इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला, तो उगाच नव्हे. आपल्याकडे अजूनही एखादा उत्साही प्रशिक्षक आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रांगेत उभे करून त्यांच्या डोक्यावर चेंडू फेकताना दिसतो. हा सराव तत्काळ थांबला पाहिजे. त्या वयात चेंडू जमिनीवर ठेवून जे शिकण्यासारखे आहे तेच संपता संपत नाही.

आठ आघाडीवाले आणि शून्य गोल

बचाव म्हणजे मागे दाटी करणे नव्हे, याला फुटबॉलचा इतिहासच साक्षी आहे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. त्यात इंग्लंडने आठ खेळाडू आघाडीला ठेवले होते आणि स्कॉटलंडने सहा. सामना सुटला शून्य-शून्य! आघाडीला माणसे वाढविली म्हणून गोल होत नाहीत, आणि मागे वाढविली म्हणून ते थांबतही नाहीत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल करण्यात आला. चेंडू पुढे दिला जाताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे जरूर होते, ते दोनवर आणले गेले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात त्याआधीच्या हंगामात ११९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात ते १७०३ झाले. सारी बचावतंत्रे एका उन्हाळ्यात कालबाह्य झाली. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला सेंटर हाफ मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. ‘स्टॉपर’ या जागेचा जन्म झाला तो असा, विचारातून.

या विचाराचे टोक गाठले ते इटलीच्या अरिगो साक्की यांनी. हे गृहस्थ स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नव्हते. वडिलांच्या पादत्राणांच्या धंद्यात ते काम करीत असत. मिलान संघाचे प्रशिक्षक झाल्यावर गुलिट आणि व्हॅन बास्टन यांच्यासारख्या नाणावलेल्या आघाडीच्या खेळाडूंना संघटित बचावाचे महत्त्व पटविण्यासाठी त्यांनी एक पैज लावली, असे ते सांगत. गोलरक्षक आणि चार बॅक एका बाजूला, दहा खेळाडू दुसऱ्या बाजूला, पंधरा मिनिटांची मुदत. चेंडू गमावला की दहांनी पुन्हा आपल्या अर्ध्या भागातून सुरुवात करावयाची. साक्कींच्या सांगण्याप्रमाणे ही पैज अनेकदा लागली आणि त्या दहांना एकदाही गोल करता आला नाही. त्या चौघांत फ्रँको बारेसी होता. त्याची उंची काही फार नव्हती, पण पुढे काय होणार ते तो इतरांआधी वाचीत असे आणि त्याच्या एका हाकेसरशी चौघांची रेषा एकदम पुढे वा मागे सरके. मिलानने १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकला.

भारतातही बचावाला प्रतिष्ठा होती असा काळ होऊन गेला. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचा कर्णधार शैलेन मन्ना हा बॅक होता. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, व्यवसायाने शाळाशिक्षक. पुढल्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल केले, तेव्हा खचून न जाता रहीम यांनी संघाची मांडणी नव्याने बांधावयास घेतली आणि १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला. त्या स्पर्धेतल्या नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांची कथा मुंबईत आणि गोव्यात अजून सांगितली जाते. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताचा आधारस्तंभ असलेला बॅक जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागून जखमी झाला, टाके पडले. रहीम यांनी त्याला बाद सामन्यांत मागे न ठेवता आघाडीला पाठविले. उपान्त्य फेरीत त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जींपाठोपाठ त्याचाही गोल होऊन दक्षिण कोरिया २-१ असा हरला. जखमी डोक्याने केलेले ते दोन गोल प्रत्येक इतिहासात आहेत. त्याची जागा मागे ज्यांनी सांभाळली त्या चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, अरुण घोष यांची नावे जुन्या शौकिनांखेरीज कोणाला आठवत नाहीत. आपल्या सर्वांत मोठ्या बचावपटूची लोकांनी आठवण ठेवली ती त्याने आपली जागा सोडल्याच्या दिवसांची!

शालेय स्पर्धांच्या पारितोषिक समारंभांत ‘सर्वाधिक गोल’ या नावाचे बक्षीस असते. उत्कृष्ट बचावाचे बक्षीस काही ठिकाणी असते, बऱ्याच ठिकाणी नसते, आणि असले तर ते वाटले जाईतो टाळ्या वाजविणारे हात दमलेले असतात. संयोजकांनी मनावर घेतले तर ही गोष्ट येत्या मोसमातच बदलता येईल. तिला पैसाही लागत नाही. पुढे कोणी आणि मागे कोणी ही वाटणी बारा वर्षांपर्यंत कायम न करता दर सामन्याला बदलत ठेवावी, हेही शिक्षकाच्या हाती आहे. आघाडीच्या हुशार मुलाला महिन्यातून दोनदा मागे खेळावे लागले की गोल कसा थोपविला जातो हे त्याला कळते आणि तो आघाडीला गेल्यावरही चेंडू गमावताच दोन पावले परत धावू लागतो. कोलंबियाविरुद्धचे ते एक मिनिट वाचविण्यासाठी हीच दोन पावले हवी होती.

शाळेत खेळाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली दहा मिनिटे रांगा लावण्यात जातात. उरलेल्या वेळात चार चपला, एक चेंडू आणि दहा बाय पंधरा पावलांचा चौकोन एवढ्यावर काम भागते. दोन चपलांचा एक गोल, दोघे विरुद्ध दोघे, बाकीचे कडेला. चेंडू ज्यांच्याकडे नाही त्यांच्यातला जवळचा थोपवितो, दुसरा मागून बोलतो. बोलला नाही तर गोल धरला जातो. दर दोन मिनिटांनी जोड्या बदलतात, आणि कडेचा प्रत्येक जण, जड असो की लाजरा, आत येतो. घंटा होईपर्यंत त्याच्या वाट्याला चेंडू इतक्या वेळा आलेला असतो, जितक्या वेळा तो मोठ्या मैदानावर मागे उभे राहून अख्ख्या सामन्यातही आला नसता.